लोकवर्गणीतून ग्राफिक कादंबरी काढताना संघ कसा बांधावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे : एक लेखक, एक चित्रकार आणि संगणकावरील मांडणीचे काम जाणणारा एक मित्र, अशा तिघांना सुमारे ११० पानांची रंगीत मराठी ग्राफिक कादंबरी लोकवर्गणीतून काढायची आहे. संघात आणखी कोण असावे, कोणाला किती आणि केव्हा पैसे द्यावेत, हक्क कोणाकडे राहावेत आणि मोहीम आधी उघडावी की संघ आधी पुरा करावा, हे त्यांनी विचारले आहे. मी स्वतंत्रपणे निघणाऱ्या कॉमिक्सचे संपादन आणि अक्षरांकन बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे उत्तर अर्थातच त्या बाजूने पाहून दिलेले आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. संघ आधी पुरा करावा आणि मोहीम नंतर उघडावी. मराठी वाचकाला आगाऊ पैसे भरण्याची सवय नवी नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी आपल्याकडे जुनीच आहे. परंतु त्या नोंदणीत हस्तलिखित बहुधा तयार असते आणि वाचकाच्या पैशांतून कागद, छपाई आणि बांधणी एवढेच निघायचे असते. ग्राफिक कादंबरीच्या मोहिमेत मात्र पैसे येतात तेव्हा पुस्तकाचा मोठा भाग अजून कागदावर उतरायचा असतो. म्हणजे वाचक पैसे देतो ते तयार पुस्तकासाठी नव्हे, तर काही माणसांच्या पुढच्या कित्येक महिन्यांसाठी. ती माणसे कोण आणि ती एकमेकांबरोबर खरोखर काम करू शकतात का, हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर वाचकाला कशाचा भरवसा द्यायचा?

आता त्या महिन्यांचा हिशेब करू. छपाई १६ पानी फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या संचात होते, म्हणून ११० पानांऐवजी सात फॉर्म, म्हणजे ११२ पाने धरावीत. चित्रकार पेन्सिल आणि शाई मिळून एका पानाला दीड दिवस घेतो असे समजा. सराव असलेल्या आणि चित्रांत काटछाट न करणाऱ्या माणसासाठी हा वेग बरा म्हणायचा. त्याने १६८ दिवस होतात. महिन्यात कामाचे २२ दिवस धरले तर साडेसात महिने, आणि यात रंग नाहीत, दुरुस्त्या नाहीत, आजारपण आणि सणवारही नाहीत. लेखकाला एखादा प्रसंग पुन्हा लिहायला दोन दिवस लागतील; तोच प्रसंग चित्रकाराला पुन्हा काढावा लागला तर दोन आठवडे जातात. यावरून मी एक कसोटी लावत आलो आहे : चित्रकाराचा वेळ हाच या प्रकल्पाचा खरा खर्च आहे, आणि संघातला प्रत्येक माणूस घ्यायचा की नाही हे तो चित्रकाराचे किती दिवस वाचवतो यावरून ठरवावे. पुढचे सारे उत्तर या एका कसोटीवर उभे आहे.

सगळे एकट्याने करणाऱ्या चित्रकाराचे काय, असा प्रश्न येथे येईल. एकटा माणूस उत्तम पुस्तक करू शकतो, परंतु लोकांचे पैसे घेतल्यावर एकटेपणाचा धोका वाढतो. २०१२ च्या आरंभी अमेरिकेतील रिच बर्ल्यू यांनी ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या आपल्या कॉमिकची संपलेली पुस्तके पुन्हा छापण्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५७,७५० डॉलर मागितले. त्यांना १४,९५२ लोकांकडून १२ लाख ५४ हजार डॉलरहून अधिक मिळाले. मागणी वाढत गेली तशी पैसे देणाऱ्यांना कबूल केलेल्या बक्षिसांची यादीही वाढली आणि तिच्यात नव्या कथा आणि नवी चित्रे आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि चित्रे थांबली. पुनर्मुद्रण पुरे झाले, पण कबूल केलेल्या जादा कथा कित्येक वर्षे लांबल्या. त्यांनी वाचकांपासून काही लपवले नाही आणि वाचकही टिकून राहिले, हे त्यांच्या सचोटीचे फळ आहे. परंतु तुमच्या पहिल्या पुस्तकाला तेवढा जुना वाचकवर्ग पाठीशी नसेल, म्हणून चित्रकाराचा हात दोन महिने बंद राहिला तर काम कोण पुढे नेईल, याचे उत्तर मोहिमेआधी लिहून ठेवावे.

तुमच्या तिघांत जो माणूस मला सर्वप्रथम कमी दिसतो तो संपादक. मराठी कॉमिक्स करणारे बहुतेक तरुण संघ संपादकाला मोठ्या प्रकाशनसंस्थेची चैन समजतात, आणि मला हे फार खटकते. १९६७ पासून निघालेल्या अमर चित्र कथेत लेखक बदलत राहिले, राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारखे वेगवेगळ्या हाताचे चित्रकार आले, आणि तरीही अंकामागून अंक एका घडणीचे वाटले, ते संपादक म्हणून अनंत पै सातत्याने तेथे होते म्हणून. तुमच्या संघात संपादकाने तीनच वेळा वाचायचे आहे : संहिता पुरी झाल्यावर, थंबनेल झाल्यावर आणि अक्षरे बसल्यावर. यांतील दुसरे वाचन सर्वांत मोलाचे असते. थंबनेल म्हणजे पानाचा तळहाताएवढा कच्चा आराखडा. तो पुसून नव्याने काढायला दहा मिनिटे पुरतात. कथा कुठे रेंगाळते, कोणता प्रसंग उजव्या पानाऐवजी पान उलटल्यावर यायला हवा, कोणती व्यक्तिरेखा तीस पाने दिसतच नाही, हे सारे सर्व ११२ पानांची थंबनेल भिंतीवर ओळीने लावली की दिसते. शाई झाल्यावर दिसले तर कोणी बदलत नाही, कारण बदलणे परवडत नाही. संपादक शक्यतो तुमच्या मैत्रीबाहेरचा असावा आणि त्याचे मानधन ठरलेले असावे, म्हणजे त्याला नको ते स्पष्ट सांगता येते.

दुसरा माणूस अक्षरकार, म्हणजे पानांवर संवादांचा मजकूर बसवणारा. याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठीत सर्वाधिक हानी येथेच होते. रूढ पद्धत अशी की चित्रे आणि रंग पुरे करायचे आणि शेवटी डीटीपी करणाऱ्याकडे फाइल देऊन ‘मजकूर टाकून द्या’ म्हणायचे. देवनागरीत हे चालत नाही. रोमन मोठी अक्षरे एका उंचीची असतात, त्यामुळे इंग्रजी कॉमिक्समधील ओळी एकमेकींना चिकटून बसू शकतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळींत अंतर कमी केले की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. म्हणून तेवढ्याच मजकुराला मराठी फुगा, म्हणजे संवादाची चौकट, अधिक उंच लागतो. इंग्रजी नमुने पाहून शिकलेला चित्रकार फुग्यासाठी जी जागा सोडतो ती हमखास अपुरी पडते, आणि मग अक्षरे बारीक होतात किंवा फुगा कोणाच्या तरी कपाळावर येतो.

एक चौकट उदाहरणादाखल घेऊ. विहिरीच्या काठी आजी आणि नातू उभे आहेत. आधी आजी म्हणते, ‘अरे, किती वेळा सांगितलं तुला, एकट्यानं इकडे यायचं नाही म्हणून!’ आणि नातू उत्तर देतो, ‘पण दोर कुणी कापला, आजी?’ आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारी आजी डावीकडे किंवा तिचा फुगा वर हवा. चित्रकाराने विहीर चांगली दिसावी म्हणून नातवाला डावीकडे घेतले, तर आजीच्या फुग्याचे शेपूट त्याच्या फुग्यावरून जाते किंवा उत्तर प्रश्नाआधी वाचले जाते. अक्षरकार थंबनेलच्या टप्प्यावर हजर असेल तर तो दोन पात्रांची अदलाबदल सुचवतो आणि काम संपते. शाई झाल्यावर हीच दुरुस्ती म्हणजे चित्रकाराचा एक दिवस. शिवाय आजीचे वाक्य ‘अरे, किती वेळा / सांगितलं तुला, / एकट्यानं इकडे / यायचं नाही म्हणून!’ असे तोडले तर प्रत्येक ओळ एका दमात वाचता येते. ‘यायचं’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ओळ तुटली तर आजीचा दरारा तेवढ्यानेच ओसरतो. हे काम भाषा जाणणाऱ्याचे आहे, म्हणून अक्षरकार मराठी वाचणारा असावा, नुसते सॉफ्टवेअर जाणणारा पुरेसा नाही.

मांडणी जाणणारा तुमचा मित्र हे काम शिकू शकेल, पण त्याने काही गोष्टी आधी तपासाव्यात. मजकूर आरंभापासून युनिकोडमध्ये ठेवावा. लेखकाने युनिकोडमध्ये लिहायचे आणि मांडणीसाठी ते श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत बदलायचे, असे केले की अक्षरे तुटतात आणि प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटर या मांडणीच्या सॉफ्टवेअरांत वर्ल्ड-रेडी कंपोजर ही देवनागरीसारख्या लिप्या जुळवणारी सोय चालू नसेल तर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या जागेवर बसत नाहीत. टंक निवडताना ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतील अर्धा र (ऱ्) नीट उमटतो का आणि मराठी वळणाचे ल आणि श त्यात आहेत का, हे छापून पाहावे. काही टंकांत ही वळणे असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याखेरीज ती दिसत नाहीत. हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’ किंवा भरदार ‘बालू’ हे टंक मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे विक्रीच्या पुस्तकात वापरायला अडचण येत नाही. छपाईला देताना अक्षरे स्वतंत्र थरावर आणि फक्त काळ्या शाईत असावीत. चारही शाया मिळून केलेला काळा रंग अक्षरांना दिला आणि छपाईत रंग केसभर सरकले की अक्षराभोवती रंगीत सावली दिसते. असे पान वाचकाचे डोळे शिणवते आणि त्याचे कारण त्याला कळत नाही.

रंगाचे काम दोन भागांत तोडता येते, आणि पैसे थोडे असतील तर येथे तोडावेच. पहिला भाग फ्लॅट्सचा : सदरा, कातडी, आकाश, भिंत असा प्रत्येक भाग सपाट रंगाने वेगळा भरून देणे, म्हणजे रंगकाराला तो एका टिचकीने निवडता येतो. या कामाला चिकाटी लागते, दृष्टी कमी लागते. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय किंवा पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी शिकणारी मुले हे काम उत्तम करतात. मात्र त्यांना पानामागे ठरलेले पैसे द्यावेत आणि त्यांचे नाव श्रेयपानावर छापावे. ‘अनुभव मिळेल’ एवढ्यावर विद्यार्थ्यांकडून शंभर पाने भरून घेणे मला अयोग्य वाटते, कारण लोकांनी दिलेल्या पैशांत त्यांच्याही कष्टाचा वाटा धरलेला असतो. दुसरा भाग, म्हणजे प्रकाश, वेळ आणि भाव ठरवणारा खरा रंग, हा चित्रकाराने स्वतः करावा की दुसऱ्याने, हे तुमच्या चित्रकाराच्या रेषेवर अवलंबून आहे. रेषा भरगच्च असेल तर रंगकार वेगळा चालतो. रेषा विरळ आणि रंगानेच आकार घडत असतील तर तो एकच माणूस असावा.

हे श्रमविभाजन मी सांगतो आहे म्हणून ते सर्वत्र लागू करू नका. पेन्सिलवाला, शाईवाला, रंगकार आणि अक्षरकार अशी साखळी अमेरिकेत रुजली ती दर महिन्याला वीस-बावीस पाने बाजारात पोचवण्याच्या निकडीतून. तुमच्यावर ती निकड नाही. याच्या अगदी वेगळी वाट २०११ मध्ये नवयानने प्रकाशित केलेल्या ‘भीमायन’मध्ये दिसते. महाडच्या चवदार तळ्यासह डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंग सांगणाऱ्या या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढली, आणि मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा आहे. व्याम दांपत्याने चौकटींच्या पेट्यांत पात्रांना कोंडायचे नाकारले आणि पान आपल्या परंपरेतील दिगणा नक्षीने मोकळे विभागले. फुगेसुद्धा त्यांनी नव्याने घडवले : ज्यांचे बोलणे मायेचे त्यांच्यासाठी पक्ष्याच्या आकाराचा फुगा आणि ज्यांचे शब्द डंख मारतात त्यांच्यासाठी विंचवाच्या नांगीचे शेपूट. हे पुस्तक लोकवर्गणीतले नाही, तरी तुमच्या कामाचे आहे, कारण चित्रकारांना पान कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार आरंभापासून होता आणि लेखक-संपादकांनी मजकूर त्याप्रमाणे वळवला, म्हणूनच ते असे घडले. तयार संहिता हाती ठेवून ‘एवढे काढून द्या’ म्हटले असते तर नांगीचा फुगा कोणालाही सुचला नसता. तेव्हा कोणते काम कोणाचे हे ठरवताना शेवटचा शब्द कोणाचा हेही ठरवा. माझ्या मते संवादांत तो लेखकाचा, पानाच्या रचनेत चित्रकाराचा आणि दोघांचे जुळले नाही तर संपादकाचा असावा.

कथेत मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोली असेल तर त्या भागातला एक वाचक मानधन देऊन अक्षरे बसण्यापूर्वी नेमावा. ऐतिहासिक कथेत पोशाख, भांडी आणि वाड्यांची रचना तपासणारा जाणकार थंबनेलच्या आधी हवा.

मोहीम सांभाळणारा माणूस स्वतंत्र असलाच पाहिजे, आणि तो चित्रकार नसावा. मोहीम चालू असताना रोज निरोप, शंका, हिशेब आणि आठवण करून देणारी पत्रे असतात. हे काम चित्रकाराकडे गेले की त्या महिन्यात पाने होत नाहीत. याच माणसाने बक्षिसांच्या यादीवर पहारा ठेवावा. मूळ रेखाचित्र देण्याचे बक्षीस फार आकर्षक वाटते, परंतु साठ जणांनी ते घेतले आणि एका चित्राला दोन तास लागले तर १२० तास, म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस, म्हणजे वरच्या वेगाने पुस्तकाची दहा पाने गेली. अशा बक्षिसांची संख्या आधीच बांधून टाकावी. किकस्टार्टरवर भारतातील रहिवाशाला थेट मोहीम उघडता येत नाही, म्हणून काही संघ परदेशातील मराठी नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या नावाने ती उघडतात. तसे करणार असाल तर तो मित्र नुसता नावापुरता राहत नाही : पैसे त्याच्या खात्यात जमा होतात, तेथील कराची जबाबदारी त्याची होते आणि वचन पाळण्याचे दायित्वही त्याच्याकडे जाते. त्याच्याशी लेखी करार करावा आणि दोन्हीकडच्या करसल्लागारांशी आधी बोलावे. किकस्टार्टर जमलेल्या रकमेवर पाच टक्के घेते, पैसे वळते करण्याचे शुल्क वेगळे लागते, आणि लक्ष्य पुरे झाले नाही तर काहीच मिळत नाही.

पैशांबाबत माझे मत ठाम आहे. चित्रकार, रंगकार, अक्षरकार आणि फ्लॅट्स करणारे यांना पानामागे दर ठरवून, काम पुरे होईल तसे, दर सोळा पानांना पैसे द्यावेत. नफ्यात वाटा हा त्यावर जादा असावा, त्याऐवजी नसावा. समजा चित्रांसाठी पानाला ३,००० रुपये ठरले, तर केवळ तेवढ्याचे ३,३६,००० रुपये होतात. हा आकडा पाहून अनेक संघ चित्रकाराला ‘आपलाच आहे’ म्हणून शून्यावर ठेवतात आणि लक्ष्य छपाईपुरते लहान करतात. मग तो चित्रकार पोटासाठी दुसरी कामे घेतो, आणि साडेसात महिन्यांचे पुस्तक दोन वर्षांवर जाते. लक्ष्य मोठे ठेवायला संकोच वाटत असेल तर पुस्तक लहान करा, ६४ पानांचा पहिला भाग काढा, पण माणसांचे पैसे गाळू नका. बक्षिसाच्या वजनाचाही विचार या हिशेबात हवा : सव्वासात बाय साडेनऊ इंचांचे, १३० जीएसएम कागदावरचे ११२ पानांचे पुस्तक वेष्टनाशिवायच साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, आणि टपालखर्च त्यावरून ठरतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. परंतु पोस्टर, टी-शर्ट आणि लोकवर्गणीच्या संकेतस्थळाच्या सेवाशुल्कावर तो लागतो.

हक्कांचा करार मोहिमेआधी सह्या होऊन तयार असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्या कृतीत एकाचे योगदान दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही तीच संयुक्त कृती ठरते. संहिता ही साहित्यकृती आणि चित्रे ही कलाकृती अशी वेगळी मोजता येतात, म्हणून लेखी काही नसेल तर उद्या चित्रपटाची विचारणा आल्यावर कोण काय देऊ शकतो यावरच वाद होतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरला जातो, आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, ते हस्तांतर संपते. अमेरिकेतील मराठी वाचकांना पुस्तक विकण्याचा तुमचा बेत असेल तर प्रदेशाची ओळ विसरून चालणार नाही. शिवाय कलम ५७ मुळे, हक्क दिल्यानंतरही, आपले कर्तृत्व मान्य व्हावे आणि आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये असा दावा निर्मात्याकडे राहतो. माझा सल्ला असा की कथा आणि व्यक्तिरेखा यांचे हक्क लेखक आणि चित्रकार यांनी समसमान संयुक्तपणे ठेवावेत, मूळ चित्रफलक चित्रकाराच्याच मालकीचे राहावेत, आणि कोणी मध्येच बाहेर पडला तर त्याने केलेल्या पानांचे पैसे, श्रेय आणि वापर कसा होईल हे एका परिच्छेदात नोंदवावे. मुखपृष्ठावर लेखकाइतक्याच आकारात चित्रकाराचे नाव हवे, आणि आत रंगकार व अक्षरकार यांची नावे छपाईच्या तपशिलांत न दडवता शीर्षकपानावर यावीत.

यानंतर सोळा पानांचा एक फॉर्म संपूर्ण संघाने छपाईयोग्य अवस्थेपर्यंत पुरा करावा : संहिता, थंबनेल, पेन्सिल, शाई, फ्लॅट्स, रंग, अक्षरे, संपादकाची तिन्ही वाचने. प्रत्येकाने आपल्या पानांचे तास लिहून ठेवावेत आणि ही पाने मुद्रकाकडून ठरलेल्या कागदावर डमी म्हणून छापून घ्यावीत. हीच पाने मोहिमेत वाचकांना दाखवायला उपयोगी पडतील, परंतु त्याआधी त्यांवरून तुमच्या चित्रकाराचा खरा वेग कळेल. तो पानाला दीड दिवस नसून अडीच दिवस निघाला, तर ११२ पानांना २८० दिवस, म्हणजे जवळजवळ तेरा महिने लागतील. तसे झाले तर वाचकांना द्यायची तारीख, लक्ष्याची रक्कम आणि पानांची संख्या या तिन्ही गोष्टी त्या आकड्यावरून नव्याने मांडा आणि मगच मोहिमेचे पान उघडा.